परतीची भाजी

१

ज्या भाजीनं अरुणकुमार बोंद्रे मेले ती माझ्या डब्यात सापडली. वैशाली नगरातल्या आमच्या गल्लीत ही बातमी सगळ्यांना कळली, आणि सगळ्यांत शेवटी मला.

सोमवारच्या सकाळची सुरुवातच वाईट झाली होती. मी नेहमीप्रमाणे कोपऱ्यावरच्या मंदिरात गेले, तर गणपतीच्या गळ्यात हार नाही. मनात उगीच चुकचुकलं. घरी येऊन पोळ्या लाटायला घेतल्या. माझा डब्यांचा धंदा आहे, नवरा गेल्यापासून मी त्याच्यावरच उभी आहे. कारखान्यातली एकटी राहणारी पोरं, बँकवाले, एक डॉक्टरीण आणि आमच्या गल्लीतले विधुर अरुणकुमार, सगळे माझ्या हातचं जेवतात. जेवत होते, असं म्हणायला हवं. कारण थोड्या वेळानं दारात थानेदार उभा राहिला आणि त्याच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत माझा डबा होता, झाकणावर माझ्या नवऱ्याचं नाव कोरलेला.

"काकीजी, ये आपका है?"

"मेरा ही है. क्यों?"

"बोंद्रेजी नहीं रहे. डॉक्टर कह रहे हैं, भाजी में धतूरे का पत्ता है."

अरुणकुमारांकडे झाडूपोछा करणारी रुक्मा सकाळी कामाला आली, तेव्हा ते बैठकीत जमिनीवर पडलेले होते. रविवारी तिची सुट्टी असते. डॉक्टरांच्या मते त्यांनी रविवारी दुपारी जेवण केलं आणि संध्याकाळच्या आत सगळं आटोपलं. रात्रभर प्रेत तसंच होतं आणि कोणाला पत्ता नव्हता.

मी पिशवीत डोकावून पाहिलं. तरोट्याची, म्हणजे टाकळ्याच्या पाल्याची भाजी, मुगाची डाळ घातलेली. मी तरोट्यात हरभऱ्याची डाळ घालते, आयुष्यात कधी मूग घातला नाही. ही भाजी माझी नव्हतीच. कोणीतरी माझी काढून आपली भरली होती. मी तसं थानेदाराला सांगितलं.

"काकीजी, दाल तो दाल होती है," तो म्हणाला. "शहर छोड़के मत जाइएगा."

दुपारपर्यंत एकूणएक डबा बंद झाला. डॉक्टरीणबाईनं तर फोनसुद्धा केला नाही, रिकामा डबा फाटकावर अडकवून गेली. अरुणकुमारांचा मुलगा पीयूष रायपूरहून आला आणि माझ्या घरासमोर उभा राहून ओरडला, की माझ्या बापाला मारणाऱ्या बाईला मी जेलमध्ये सडवीन. गल्ली खिडक्यांतून ऐकत होती.

मला रडू आलं नाही, संताप आला. जेलची भीती होतीच, पण त्याहून मोठी गोष्ट ही, की कोणीतरी माझा हात वापरून माणूस मारला होता. आता या हाताचा घास कोणी तोंडात घालणार नव्हतं. ज्यानं हे केलं त्याला मी सोडणार नव्हते. मी फोन उचलला आणि दुर्गला नणंदेला लावला.

२

माझी नणंद अन्नपूर्णाताई रेल्वेत टीसी होती. गोंदिया ते रायपूर या पट्ट्यात तिनं उभी नोकरी काढली, आणि बिनतिकीट माणूस तिला पाठमोरासुद्धा ओळखू येतो, असं तिचं स्वतःचंच म्हणणं आहे. बाई फटकळ आहे. लग्नानंतर कितीतरी वर्षं मी तिला घाबरून होते.

संध्याकाळी ती आली, चहा घेतला आणि म्हणाली, "रडणं झालं असंन तर सांग. शनिवारपासून सांग. मंधातलं काही सोडू नको."

शनिवारी अरुणकुमारांची बैठक होती. ते रसमड्याच्या एका खासगी रोलिंग मिलमध्ये मॅनेजर होते. निवृत्तीनंतर त्यांनी शब्दांचा नाद लावून घेतला होता. महिन्यातून एकदा गल्लीला आपल्या अंगणात बोलवायचं, एक शब्द घ्यायचा, आणि तो कोणाच्या भाषेत काय होतो ते सांगायचं. माईक लावल्याशिवाय त्यांना बोलता येत नसे, त्यामुळे जे येत नसत त्यांनाही घरबसल्या ऐकावंच लागे.

या वेळचा शब्द होता भाजी.

"आपण वांग्यालाही भाजी म्हणतो, मेथीलाही म्हणतो," ते सांगत होते. "कारण आपला शब्द भाजण्यातून आलाय. संस्कृतातलं भर्जन. तेल तापलं, मोहरी तडतडली, तर ती भाजी. नुसतं उकडलं तर ते पथ्य."

मागं चहाचे कप गोळा करणारी रुक्मा हसली. "भांटा ह भाजी नोहे साहब. ओ तो साग ए. भाजी माने पाना."

"ऐका," अरुणकुमार खूश होऊन म्हणाले. "हिच्या छत्तीसगढीत भांटा, म्हणजे वांगं, ते साग. भाजी म्हणजे फक्त पाला. शिजवा नाहीतर शेतात राहू द्या. आता आमचे सरदारजी."

गुरमीत सिंग ट्रकांचा मालक. गल्ली त्याला भाजीच म्हणते. तो उठला. "हमारे भाजी का सब्ज़ी से कोई लेना-देना नहीं. भा माने भाई, भ्राता. उसके आगे जी. और एक दूसरी भाजी है, शादी की मिठाई. रिश्तेदारों में हिस्सा बंटता है. आज तुमने मुझे दी, कल मेरे घर शादी हुई तो मैं लौटाऊंगा. झगड़े में भी यही बोलते हैं. किसी ने चोट दी तो उसकी भाजी मोड़नी पड़ती है, मतलब लौटानी." तो अरुणकुमारांकडे पाहून हसला. "मेरी एक इसी आंगन में बाकी है."

सगळे हसले, पण मला ते हसणं आवडलं नाही. अरुणकुमारांनी महापालिकेत तक्रार करून त्याची गॅरेजची शेड पाडायला लावली होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

मग खाणं झालं. मी केलेली तरोट्याची भाजी अरुणकुमारांनी दोनदा घेतली आणि माईकवरूनच म्हणाले, "रमाबाई, उद्या डब्यात हीच द्या."

"म्हणजे उद्या डब्यात काय आहे, ते साऱ्या गल्लीले कळलं," अन्नपूर्णाताई म्हणाली. "मंग?"

मग रविवार. मी दुपारी डबा त्यांच्या फाटकाच्या कडीला अडकवला. रोज तसाच अडकवते, त्यांना सवड झाली की ते आत नेत. नंतर मी झोपले. संध्याकाळी समोरच्या बेबीताईंचा हर्षल लोणचं मागायला आला होता.

"लोणचं कावून?"

"आईनं आज सगळं उकडूनच ठेवलं, वरणाले फोडणी नाही, भाजी नुसती पाण्यातली, म्हणून वैतागला होता. त्याचं काय? खुनाचं बोला ना ताई."

अन्नपूर्णाताईनं कप खाली ठेवला आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "उद्या पहिले सरदारजीकडे जाऊ," ती म्हणाली.

३

गुरमीत सिंग चिडलेला होता. पोलीस त्याच्याकडेही येऊन गेले होते.

"हां, दुश्मनी थी," तो म्हणाला. "पर मैं डब्बे में पत्ते डालके मारूंगा? मुझे मारना होता तो दिन में, सबके सामने, गिरेबान पकड़के मारता. और इतवार को मैं अहिवारा में था. पत्थर की लोडिंग थी. पूछ लो ड्राइवरों से."

"ड्रायव्हर तर तुमचेच आहेत," ताई म्हणाली.

"तो धर्मकांटे वाले से पूछ लो. उससे मेरी बोलचाल बंद है, वो झूठ क्यों बोलेगा?"

ताईनं तिथंच फोन लावायला लावला. काट्यावरच्या माणसानं गुरमीतला आधी चार शिव्या दिल्या आणि मग सांगितलं, की हा माणूस रविवारी दिवसभर माझ्या डोक्यावर बसून वजनावरून भांडत होता. ताई समाधानानं उठली. जाताना तिनं दारातून विचारलं, "भाजी, बोंद्रेसाहेबाची आणखी कोणाशी दुश्मनी होती?"

गुरमीतनं मान हलवली. "बहनजी, मेरी तो शेड गिराई थी. किसी का घर गिराया हो तो मुझे नहीं पता. उनके सामने वाले घर से पूछो. भाई का घर है, और बारह साल से बोलचाल नहीं."

रुक्मा तिच्या ओसरीवर बसली होती, सुजलेल्या डोळ्यांनी. अरुणकुमारांनी मागच्या महिन्यात तिच्यावर चांदीचा पेला चोरल्याचा आळ घेतला होता, आणि आता पोलिसांना तो पेला आठवला होता.

"मैं तो इतवार के अपन गांव गे रहेंव दीदी," ती म्हणाली. "पेला तो ओखरेच अलमारी म मिलिस. माफी घलो नइ मांगिस. फेर मैं काबर मारहूं? मोर तो काम चल दिस."

तिचं खरं होतं. पेला त्यांच्याच कपाटात सापडला होता, आणि मेलेला मालक पगार देत नाही.

"सोमवारी तू आली तेव्हा खिडकी उघडी होती काय?" ताईनं विचारलं.

"हव. अंगना कोती के खिड़की. मैं शनिच्चर के बंद करे रहेंव."

"आणि खिडकीखाली?"

रुक्मानं आठवून पाहिलं. "चिखला म चप्पल के निसान रिहिस. पुलिस वाले मन ओखरे उपर चल दिन."

अंगणाच्या बाजूच्या त्या खिडकीसमोर गल्लीत एकच घर आहे.

४

बेबीताई बोंद्रे म्हणजे अरुणकुमारांचा धाकटा भाऊ नत्थू याची बायको. आम्ही गेलो तेव्हा मिरचीच्या फोडणीनं गल्ली खोकत होती. सोमवारी संध्याकाळीही तसाच वास होता. ज्या बाईचा थोरला दीर परवा गेला, तिच्या घरात लसूण-मिरची कडकडत होती. आमच्याकडे सुतकात कढई चढत नाही, फोडणी बसत नाही. घरची माणसं दहा दिवस अळणी-उकडलेलं खातात. मी ताईकडे पाहिलं.

बेबीताईंना ते कळलं. "मी त्याच्या नावानं बारा वर्षांआधीच आंघोळ केली," त्या म्हणाल्या. "सुतकबितक नाई पाळत. साऱ्या गल्लीनं ऐकावं म्हणूनच दोन मिरच्या जास्त टाकल्या."

भिंतीवर नत्थूचा फोटो होता. त्याच्याखाली फुलांची परडी पालथी पडली होती.

"काय केलं होतं त्यानं?" ताईनं सरळ विचारलं.

"हा रसमड्याच्या मिलमध्ये मॅनेजर होता. नत्थू त्याच्याच हाताखाली. रोलरचं गार्ड तुटलं आहे म्हणून नत्थूनं तीनदा सांगतलं. याले माल काढायची घाई. नत्थू ओढल्या गेला." त्यांचा आवाज कणभर हलला नाही. "चौकशीत यानं सांगतलं, माझा भाऊ पिऊन आला होता. ज्या माणसानं सुपारी खाल्ली नाई तो दारुडा झाला. मिल सुटली, मॅनेजर सुटला. माह्या पोराले शाळेत पोरं काय म्हणत, ते रमाले विचारा, तिनं ऐकलं आहे."

मी ऐकलं होतं. मान खाली घातली.

"आणि मागच्या महिन्यात नागपूरचं स्थळ आलं होतं हर्षलसाठी. ऐश्वर्या नाव पोरीचं, गुणाची होती. त्यांनी चौकशी कोणाकडे करावी? सख्ख्या काकाकडे. त्यानं पुन्हा तेच सांगतलं. बाप दारूत गेला. स्थळ मोडलं." बेबीताईंनी पदर खोचला. "मेला ते बरं झालं. ज्यानं मारला त्याचं तोंड मी साखरेनं भरीन. पण मी नाई मारला. रविवारी माह्या पोटात दुखत होतं, मी घराबाहेर नाई पडली."

बाहेर आल्यावर मी ताईचा हात धरला. "ताई, हीच. इतकं कारण दुसऱ्या कोणापाशी आहे?"

"कारण तर माह्यापाशी पण आहे तुले मारायचं," ती म्हणाली. "कारणानं कोणाले धरता येत नाई. थांब."

ती मंदिराच्या दिशेनं चालू लागली.

५

मंदिरातल्या पुजाऱ्याला तिनं एकच गोष्ट विचारली. गणपतीचा हार कोण करतं?

"बेबीताई. वर्षानुवर्षं. उन्हाळा नाही, पाऊस नाही, पहाटे दारात हार तयार. काल सोमवारी पहिल्यांदा खाडा झाला. हर्षलला विचारलं तर म्हणाला, आईनं फुलं तोडलीच नाहीत. पुढं तर सुतकच लागलं त्यांना."

ताई पायरीवर बसली. मीही बसले.

"रमा, बिनतिकीट माणूस कसा सापडते माहीत आहे? टीसी डब्यात यायच्या आधीच तो उठून उभा रायते. बाकीचे बसून असतात, कारण त्यांना टीसी आला हे माहीतच नसते. ज्याले माहीत असते तो आधी हालते." तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. "बोंद्रे मेला हे गल्लीले कधी कळलं?"

"सोमवारी सकाळी. रुक्मा आली तेव्हा."

"सुतक कधीपासून लागते?"

"माणूस गेल्यापासून."

"नाई. आपल्याले कळल्यापासून. गावाले कोणी मेला आणि तार उशिरा आली, तर तार येईपर्यंत आपण गोडाधोडाचं खातो, त्याचा दोष लागत नाई. हो का नाई?"

"हो."

"आता सांग. रविवारी संध्याकाळी बेबीच्या घरी फोडणी नव्हती. सोमवारी पहाटे देवाचा हार नव्हता. दोन्ही गोष्टी बातमी यायच्या आधीच्या. पोट दुखत असंन तर पोराले कावून उकडलेलं देते? त्याच्या वरणाले फोडणी दिली असती. आणि पोट दुखलं म्हणून कोणी देवाचा हार सोडत नाई, ज्यानं वर्षानुवर्षं सोडला नाई त्यानं तर नाईच. एकाच वेळी चूल आणि देव दोन्ही कधी सुटतात?"

"सुतकात."

"आणि बातमी आल्यावर काय केलं? मिरच्यांची फोडणी दिली, गल्ली खोकलवली. जेव्हा कोणाले सुतक नव्हतं तेव्हा पाळलं, आणि जेव्हा लागलं तेव्हा मोडून दाखवलं. रविवारी जे हातून झालं ते सवयीनं झालं. सोमवारचं विचार करून केलेलं आहे. आणि तो मेला हे तिले त्या खिडकीतूनच कळलं असंन."

"पण दुसरं कोणी गेलं असेल त्यांच्यात. माहेरचं, लांबचं."

"तेच हर्षलले विचारायचं राहिलं," ताई म्हणाली. तिच्या आवाजात विजय नव्हता. मला मात्र आनंद झाला होता, दुष्ट आनंद. माझा हात बाटवणारी सापडली होती.

६

बुधवारी दुपारी आम्ही पुन्हा गेलो. थानेदाराला ताईनं आधीच गाठून सगळं समजावलं होतं. त्याला निम्मं पटलं होतं, म्हणून तो फाटकाबाहेर थांबला. हर्षल ड्यूटीवरून येऊन जेवायला बसला होता. ताटात फोडणीचं वरण होतं.

"हर्षल, तुमच्या भावकीत एवढ्यात कोणी गेलं काय रे? काकाच्या आधी?"

"नाही आत्या. कावून?"

"आणि मूल कोणाले झालं?"

"नाही. अरे क्या हुआ, कोणी सांगतच नाही मले."

बेबीताई ओट्याजवळ उभ्या होत्या. त्यांनी हातातला पळा खाली ठेवला.

ताईनं मंदिराच्या पायरीवर मला जे सांगितलं ते सगळं तिथं पुन्हा सांगितलं, आवाज न चढवता. हर्षलचा घास हातात राहिला.

"पोट दुखत होतं म्हटलं ना," बेबीताई म्हणाल्या. "फुलं नव्हती त्या दिवशी."

"मागच्या मोगऱ्यावर आजही फुलं सुकून पडून आहेत. जाऊ दे. मले एकच सांग. ही जी सोमवारपासून गल्लीले वास देऊन राहिली, ती फोडणी तू स्वतः खाल्ली काय?"

बेबीताईंनी ओट्यावरचं फडकं उचललं.

"आई नाही खात," हर्षल हळूच म्हणाला. त्याला वाटलं तो आईच्या बाजूनं बोलतोय. "तिची तबियत बरी नाही. नुसत्या भातावर मीठपाणी घेऊन खाऊन राहिली. रविवारपासून."

मग तो आईकडे पाहू लागला आणि त्याला कळत गेलं. मी जन्मात कोणाचा चेहरा असा उतरताना पाहिला नव्हता.

बेबीताई खाली बसल्या. "तू जेव," त्या त्याला म्हणाल्या. "सुतक तुलेही आहे, पण तुले पाळू नाई दिलं मी. मीच मोडलं तुह्यं. त्या माणसासाठी माह्या पोरानं दहा दिवस अळणी कावून खावं?"

"आई, तू काय केलं?"

"जे केलं ते केलं. शनिवारी तो माईकवर सांगत होता, तळली तर भाजी. मंग सरदारजीकडून वदवलं, भाऊ म्हणजे भाजी. मी इथं बसून ऐकून राहिली. सख्ख्या भावाले मारून हा भाऊ शब्दाचा अर्थ गल्लीले ऐकवते. मग त्यानं रमाले उद्याची भाजी सांगतली. तेव्हाच ठरलं. रविवारी मी माह्या हातानं केली, फोडणी देऊन, अगदी त्याच्या पसंतीची. कडीवरचा डबा उघडला, तिची काढली, माही भरली. मंग खिडकी लोटून उभी रायली."

"उभी राहिलात?" मी विचारलं.

"पाहायचं होतं मले. रोलरमध्ये नत्थूले कोणी पाहिलं नाई, निदान मी पाहावं म्हटलं. त्याले दिसेनासं झालं होतं. पाणी मागितलं त्यानं. मले म्हणे, नत्थू, पाणी दे." त्या माझ्याकडे वळल्या. "नाई दिलं. शेवटपर्यंत उभी रायली. मंग घरी आली, आंघोळ केली, कुकर लावला. तेल घेतलं हातात आणि हात उचललाच नाई. मले तेव्हा समजलंसुद्धा नाई की मी काय करून राहिली."

"आणि माझा डबा?" माझा आवाज फाटला. "माझं काय वाकडं केलं होतं तुमचं? मी फासावर गेले असते."

"माहीत होतं."

"माहीत होतं?"

"तुह्या लेखी तो गिऱ्हाईक होता. ज्या तोंडानं माह्या नवऱ्याले दारुडा म्हटलं, त्या तोंडात तू बारा वर्षं गरम घास घालत होती. समोरून, माह्या दारावरून डबा नेत होती रोज. एक दिवस नाई म्हणायचं होतं तुले. गल्लीत कोणीच नाई म्हटलं नाई. शब्द ऐकायले सगळे जात होते त्याच्या अंगणात."

थानेदार आत आला. हर्षलनं ताट बाजूला सारलं आणि भिंतीकडे तोंड करून बसला. बेबीताईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण तो हलला नाही. मग त्या उठल्या आणि स्वतःहून फाटकाकडे चालू लागल्या. मागच्या चुलीतून पोलिसांनी उरलेला पाला काढला, तो बेबीताईंनीच दाखवला.

७

पीयूषनं माझी माफी मागितली, फोनवरून. थानेदारानं डबा परत दिला. गल्लीतल्या बायका येऊन म्हणाल्या, आम्हाला आधीपासून वाटतच होतं तुम्ही नाही म्हणून. डबा मात्र एकीनंही सांगितला नाही. बँकवाल्यांनी दुसरीकडे लावला होता. डॉक्टरीण रस्त्यात भेटली आणि हसून पुढं गेली. कागदावर मी सुटले होते, पण माझ्या हातावरून लोकांची भीती उतरली नव्हती.

आणि जिनं ती चढवली ती थान्यात भात-मीठपाणी खाऊन शांत बसली होती. तिची फेड झाली होती. माझी राहिली होती.

मी बाजारातून तरोटा आणला. हरभऱ्याची डाळ भिजवली. लसूण ठेचला, तेल सढळ घेतलं, चर्र झालं तसं घर भरून गेलं. अन्नपूर्णाताई बॅग भरत होती. तिनं विचारलं, "कोणासाठी?"

"बेबीताईसाठी."

तिनं मला अडवलं नाही, फक्त म्हणाली, "काही टाकलं तर नाई ना व त्यात?" मग स्वतःच वरमली. माझ्या सख्ख्या नणंदेच्या तोंडून ते निघालं. मी डबा बंद केला.

थान्यात बेबीताई गजांमागं भिंतीला टेकून बसल्या होत्या. पहाऱ्यावर एक पोरसवदा शिपाई होती, रोशनी नावाची. तिनं मला स्टूल दिलं. मी डबा उघडून गजांच्या आत सरकवला.

"खा," मी म्हटलं.

बेबीताईंनी भाजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या डोळ्यांत क्षणभर तेच दिसलं जे सगळ्या गल्लीच्या डोळ्यांत मी पाहत होते. मला हवं होतं तेच. आता कळू दे, म्हटलं, माझ्या हातचं समोर आल्यावर पोटात काय होतं ते.

पण ते लगेच गेलं. त्यांनी डबा हळूच माझ्याकडे परत सरकवला.

"फोडणीचं आहे," त्या म्हणाल्या. "तेरवी झाल्यावर आण."

ज्याला पाणी दिलं नाही त्याचं सुतक ही बाई गजांमागं पाळत होती, आणि माझ्याबद्दल तिच्या मनात ना पस्तावा होता ना भीती. मी पिशवीतून पोळी काढली आणि तिथंच, त्यांच्यासमोर, जेवायला बसले. भुकेनं नाही. पहिला घास घेतला तेव्हा तो खाली उतरेना. दुसरा घेतला. बेबीताई पाहत होत्या. मी त्यांच्यावरची नजर न काढता जेवत राहिले.

रोशनी इकडे-तिकडे करत जवळ आली. "काकी," ती म्हणाली, "सुबह से ड्यूटी पे हूं. थोड़ा दोगी क्या?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं. कागद तिच्याच टेबलावर होते.

"हात धुवून ये," मी म्हटलं, आणि दुसरी पोळी काढली.